पित्त उठतं ते कोणाच्या पापानं?

जळगाव-धुळ्याकडे अंगावर गांधी उठल्या की 'पित्त उठलं' म्हणतात, आमसुलाचं पाणी चोळतात आणि बहुतेकदा संध्याकाळपर्यंत सगळं शांत होतं. पण हेच पित्त सहा-सहा आठवडे हटेना, रात्रभर खाज सुटू लागली आणि त्यातच दवाखान्यात बीपीही वाढलेलं निघालं, की घरातल्या बोलण्याचा सूर बदलतो. तापट स्वभाव, मनात धरलेला राग, कोणाचा तरी तळतळाट, राहून गेलेला नवस, मागच्या जन्मीचं काहीतरी! बोलणं आजारावरून माणसावर सरकतं. दोन दुखणी एकाच देहात आली म्हणजे मुळाशी एकच दोष असणार, आणि तो रोग्याचाच असणार, हे आपण सहज धरून चालतो. त्याला पुरावा मागितला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. आणि तो कसा मागायचा हे आपल्याच परंपरेनं शिकवलेलं आहे.

दोन्हींचा संबंध अगदीच काल्पनिक नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात रक्तदाब असलेल्यांचं जुनाट पित्त इतरांपेक्षा जास्त काळ रेंगाळलेलं दिसलं. इस्रायलमध्ये जुनाट पित्ताच्या ११ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांच्यात लठ्ठपणा, मधुमेह आणि उच्च रक्तदाब अधिक आढळला. पण सोबत असणं म्हणजे कारण असणं नव्हे. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, अशा सोबत्याला 'अन्यथासिद्ध' म्हणतात: घडा घडण्याआधी माती वाहून आणणारं गाढव हजर असतं, तरी ते घड्याचं कारण ठरत नाही. 'अंगात उष्णता वाढली, म्हणून पित्तही उठलं आणि बीपीही चढलं' हे तर त्याहून लंगडं आहे. गांध उठते ती त्वचेतल्या मास्ट पेशींतून हिस्टामिन सुटल्यामुळे, आणि हिस्टामिन रक्तवाहिन्या सैल करतं. ते एकदम फार सुटलं तर रक्तदाब चढण्याऐवजी जिवावर बेतेल इतका कोसळतो. दोन्ही दुखण्यांना भिडणारं एक कारण मात्र पुष्कळदा घरातच, औषधांच्या पिशवीत असतं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवरून आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळीनं काहींचं पित्त भडकतं, आणि तीच गोळी रक्तदाबही वाढवू शकते. खाज सोसवेना म्हणून वरचेवर घेतलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनानंही बीपी चढतं. बीपीच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ एनालाप्रिलनं, ओठ-जीभ सुजते आणि तेही पित्तच समजलं जातं. स्वभावाची चौकशी करणाऱ्या घरात ही पिशवी कोणी उघडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

यावर कोणी म्हणेल, शास्त्रात तर पापाचं फळ सांगितलं आहे. मग शास्त्रच पाहू. माधवनिदान या आयुर्वेदाच्या ग्रंथात शीतपित्ताचं, म्हणजे याच गांधींचं, कारण म्हणून थंड वाऱ्याचा स्पर्श दिला आहे. त्यानं बिघडलेले कफ-वात पित्ताशी मिळतात, असं तिथलं म्हणणं. धुळ्याचं समर्थ वाग्देवता मंदिर ज्या संप्रदायाची बाडं जपतं, त्या संप्रदायाच्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात तीन ताप वेगवेगळे मांडले. मेल्यानंतरच्या यमयातना त्यांनी आधिदैविक तापात घातल्या. देहाचे रोग मात्र देह, इंद्रियं आणि प्राण यांच्यामुळे भोगाव्या लागणाऱ्या आध्यात्मिक तापात. त्याच समासात ते पूर्वपापाचं नाव घेतात, हे लपवण्याचं कारण नाही. पण तिथली रोगांची यादी इतकी लांब आहे, की तिच्यातून एकही देहधारी सुटत नाही. जे सगळ्यांनाच लागू आहे, ते एखादीकडे बोट दाखवून 'हिचंच काहीतरी' म्हणायला कसं वापरणार?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. राग आणि ताण यांनी पित्त चाळवतं, बीपीही वर जातं, हे डॉक्टरही सांगतात. खरं आहे. पण चाळवणं वेगळं आणि मुळात उपजवणं वेगळं. आणि रात्र-रात्र खाजवत बसलेल्या माणसाची चिडचिड पुष्कळदा दुखण्यामागून येते. जुनाट पित्तात बऱ्याच जणांच्या बाबतीत बाहेरचं कारण सापडतच नाही. अनेकदा शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वतःच्या पेशींना डिवचत असते. 'कारण सापडत नाही' हे ऐकून घेणं जड जातं, म्हणून ती रिकामी जागा आपण दोषानं भरतो. पुढे काही वर्षांत पित्त आपोआप थांबलं, आणि ते बहुतेकांचं थांबतं, की श्रेय मात्र नवसाला.

राहिला प्रश्न दिलाशाचा. प्रारब्ध म्हटलं की सोसायला बळ येतं, आणि ज्याला ते येतं त्याच्याकडून ते हिसकावून घ्यायचा मला अधिकार नाही. मात्र स्वतःच्या दुःखाबद्दल तसं म्हणणं ही श्रद्धा, आणि दुसऱ्याच्या दुःखाबद्दल म्हणणं हा न्यायनिवाडा. चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेश विचारतो, आयुष्य ठरलेलंच असतं का? त्याचे गुरू आत्रेय दैवाला नाकारत नाहीत, पण त्याच्या शेजारी पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, ठेवतात. सगळंच ठरलेलं असतं तर औषधाला अर्थच उरला नसता, असं ते बजावतात. पाप शोधणाऱ्या घरात हा प्रयत्नच थांबतो. दोषी ठरवलेली बाई उपास वाढवते, उपासाच्या दिवशी बीपीची गोळी चुकवते, आणि डॉक्टरांनी विचारलं तरी सांगत नाही.