विश्वास आणि हिशेब

हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, अशी एक समजूत आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. धर्मग्रामाच्या सभेत कुणी सणाच्या खर्चाचा तपशील विचारला की सभा अवघडते. "एवढाही भरवसा नाही का?" असे कुणीतरी म्हणतो आणि विचारणारा मुकाट्याने खाली बसतो. नागरिक म्हणूनही आपण हाच संकोच बाळगतो. त्यामुळे या प्रश्नाचा मुळातून विचार होणे आम्हांला अगत्याचे वाटते.

आपल्या राज्यघटनेने हा संकोच ठेवलेला नाही. संसदेने कायद्याने मंजुरी दिल्यावाचून भारताच्या संचित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही. झालेला खर्च नियंत्रक व महालेखापरीक्षक तपासतात. त्यांचा अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे येतो आणि लोकलेखा समिती त्याची छाननी करते. १९२१ साली प्रथम स्थापन झालेल्या या समितीत आज लोकसभेचे १५ व राज्यसभेचे ७ सदस्य असतात. मंत्र्यांना तीत स्थान नाही. १९६७ साली मिनू मसानी अध्यक्ष झाले, तेव्हापासून हे पद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात पडला. खर्च करणाऱ्यानेच आपला खर्च तपासू नये, हे त्यामागील तत्त्व होय.

पैसा खर्चून झाल्यावर चौकशीचा काय उपयोग, असे कोणी म्हणेल. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, आणि अनेक मंत्रालयांच्या मागण्या वेळेअभावी चर्चेविनाच मंजूर होतात, हेही खरे. तरीही उद्या समितीपुढे उत्तर द्यावे लागेल ही जाणीव आज सही करणाऱ्या हाताला सावध करते.

शिवाय, हा पैसा कोणाचा? साबणाची वडी विकत घेणारी, धुणीभांडी करणारी बाईही कर भरतेच. मंदिराच्या भांडारात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेकडे प्रभू येशूने शिष्यांचे लक्ष वेधले, कारण तिने आपली उपजीविकाच दिली होती. अशा पैशाच्या विनियोगातील हयगय केवळ प्रशासकीय दोष राहत नाही; तो तिच्याविरुद्धचा अपराध ठरतो.

संत पौलाला हे उमगले होते. येरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेला निधी त्याने एकट्याने हाताळला नाही. ख्रिस्तमंडळ्यांनी निवडलेला एक बंधू सोबत घेतला. आपला व्यवहार देवापुढे स्वच्छ असणे त्याला पुरेसे वाटले नाही. माणसांनाही तो तसा दिसला पाहिजे, हे त्याने करिंथकरांस पाठवलेल्या दुसऱ्या पत्रात स्पष्ट केले. प्रेषिताला ज्यात कमीपणा वाटला नाही, त्यात मंत्र्याला वा विश्वस्ताला का वाटावा?

१९८३ च्या धर्मसंहितेनेही भाविकांच्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा असे सांगितले आहे. तेव्हा पुढच्या सभेत कुणी प्रश्न विचारला, तर त्याला खाली बसवू नये. घरच्या हिशेबाला बिचकणाऱ्यांनी संसदेच्या हिशेबाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?