गादीवाफ्याचा कोपरा



सुक्कोथ हा पीक गोळा करण्याचा सण. कोकणातही त्या सुमारास भात कापणीला येते. ऑस्ट्रेलियात मात्र तो वसंतात, लावणीच्या दिवसांत येतो. सिडनीच्या जुन्या घरांभोवती मातीत रंगातले शिसे आढळते. म्हणून फळ्यांची चौकट करून, स्वच्छ माती व खत भरून गादीवाफा करावा आणि मिरची, भेंडी लावावी.

शेताचा कोपरा गरिबासाठी व परक्यासाठी राखावा, अशी आज्ञा लेवीय 19:9-10 मध्ये आहे. ती इस्राएल देशातील शेतांसाठी असली, तरी बोध आपल्यालाही आहे. आपणही येथे परके म्हणूनच आलो आणि कोणीतरी आपल्याला जागा दिली. पीक हाती आल्यावर देणे जड जाते. म्हणून रोप लावतानाच एक कोपरा शेजाऱ्याच्या नावाने ठेवा. परमेश्वर तुमच्या हातांना यश देवो. आमेन.