खुर्ची बंद ठेवून पाहा

दहा मिनिटे थरथरत्या पाटावर उभे राहा, तासाभराचा व्यायाम झाला म्हणून समजा, असे ही यंत्रे विकणारे सांगतात. गुडघे कुरकुरू लागलेल्या माणसाला ते पटकन पटते. घाम नको, पहाटेचा गजर नको.

कल्पना मात्र जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमधील मज्जाविकारतज्ज्ञ जाँ-मार्तँ शार्को यांच्या ध्यानात आले, की कंपवाताच्या रुग्णांना रेल्वेच्या किंवा घोडागाडीच्या लांबच्या प्रवासानंतर बरे वाटते. त्यांनी सरळ थरथरणारी खुर्चीच करवून घेतली. पुढे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशाच खुर्चीची २३ रुग्णांवर परीक्षा झाली. काहींची खुर्ची हलत होती. बाकीचे बंद खुर्चीत बसून निसर्गातले आवाज ऐकत होते. सुधारणा दोन्हीकडे दिसली आणि दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता.

प्रत्येक पाटाला लावायची कसोटी हीच. 'मला बरे वाटले' हा अनुभव खोटा नसतो. पण यंत्र बंद असते तरी तो आला असता का, हे त्यातून कळत नाही.

हाडांचे उदाहरण घ्या. २००१ मध्ये क्लिंटन रुबिन आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांना रोज वीस मिनिटे अगदी सौम्य कंपने दिली. वर्षभरात मांडीच्या हाडातल्या जाळीदार भागाची घनता ३४ टक्क्यांनी वाढली. आशा वाटणे साहजिक होते. पण टोरंटोमध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या २०२ स्त्रियांवर तितक्याच सौम्य कंपनांचा प्रयोग वर्षभर झाला, तेव्हा हाडांच्या घनतेत काहीच फायदा आढळला नाही.

स्नायूंचे वेगळे. बेल्जियममधल्या २००३ च्या एका अभ्यासात व्यायामाची सवय नसलेल्या तरुण स्त्रियांनी बारा आठवडे पाटावर व्यायाम केला. मांडीच्या स्नायूंची ताकद जवळपास सतरा टक्के वाढली, म्हणजे वजने उचलणाऱ्या गटाइतकीच. ज्यांच्या पाटाचे कंपन नावापुरते होते, त्यांची वाढली नाही. इथे यंत्राला श्रेय द्यायलाच हवे. मात्र त्या बायका पाटावर नुसत्या उभ्या नव्हत्या. गुडघे वाकवून उठाबशा काढत होत्या. जाहिरातीत नेमका हा भाग गळतो.

दुसरीही एक विसंगती आहे. ट्रॅक्टर किंवा एसटी चालवणाऱ्याच्या कमरेला दिवसभर बसणारे हादरे कामाच्या ठिकाणचा धोका मानले जातात. युरोपीय संघाने २००२ मध्ये त्यांना आठ तासांच्या कामासाठी मर्यादाच घालून दिली. पाटावरचा वेळ थोडा असतो हे खरे, पण काही यंत्रांचे धक्के ट्रॅक्टरच्या हादऱ्यांहून कितीतरी जोरकस असतात. गर्भवतींनी, पेसमेकर असलेल्यांनी, नुकतेच हाड मोडलेल्यांनी किंवा रक्ताची गुठळी झालेल्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

ज्यांना चालणेच जड जाते अशा वृद्धांसाठी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हा पाट वापरायला माझी हरकत नाही. काळजी वाटते ती साठीतल्या त्या बाईची, जी घरी यंत्र आणले म्हणून हाडांची डेक्सा तपासणी पुढे ढकलते. ठिसूळ झालेल्या हाडांवर परिणामकारक औषधे आज मिळतात, आणि ती खुब्याचे हाड मोडण्याआधी सुरू करायची असतात.