हालचाल आणि हाव



कीर्तनास बसलेल्या एखाद्या वृद्धाचा मांडीवरील हात एकसारखा कापत असतो. तोच हात तीर्थासाठी पुढे झाला की कंप पुष्कळदा थांबतो. उंबरठ्याशी त्यांचे पाऊल खिळते, आणि टाळांचा ठेका कानी पडला की कधी कधी सहज उचलते. पाहणारा म्हणतो, "मनात आणले तर जमते की!" हे बोलणे निव्वळ अज्ञानाचे आहे. इंग्लंडातील जेम्स पार्किन्सन या वैद्याने १८१७ साली वर्णिलेला हा कंपरोग होय.

मेंदूच्या तळाकडे काळसर पेशींचा एक लहानसा पुंज असतो. त्या पेशी डोपामिन नावाचे द्रव्य निर्माण करून हालचालींचा आरंभ करणाऱ्या केंद्रांना पुरवितात. त्या झिजल्या की संकल्प उठतो, पण देह आज्ञा झेलीत नाही. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रेसरपिन देऊन निश्चेष्ट केले (हे औषध आपल्याच सर्पगंधेतले!), आणि ज्यापासून डोपामिन बनते ते लेवोडोपा टोचताच ससे पुन्हा हालू लागले.

शेजारच्याच पेशींतून निघणारा या द्रव्याचा दुसरा प्रवाह सुखाची ओढ लावणाऱ्या केंद्रांकडे जातो. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले. फळाच्या रसाचा थेंब अवचित मिळाला तेव्हा या पेशी उसळल्या. परंतु रसापूर्वी अमुक खूण होते हे माकड शिकल्यावर त्या खुणेलाच उसळू लागल्या, आणि प्रत्यक्ष रस मिळताना स्वस्थ राहिल्या. खूण होऊनही रस न आला, तर मंदावल्या. उपभोगाहून आशाच अधिक नाचविते, ती अशी.

इच्छा नसतानाही मनुष्य पापाकडे का ओढला जातो, हा गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील अर्जुनाचा प्रश्न आज काही घरांत वेगळ्याच रीतीने उभा राहतो. कंपरोगावरील काही गोळ्या डोपामिनचेच कार्य करतात. त्या घेणाऱ्यांपैकी काहींना जुगाराचा, उधळ्या खरेदीचा वा कामवासनेचा अनावर नाद लागतो. जन्मभर पत्त्यांना न शिवलेला गृहस्थ पैसे लावू लागतो, आणि घरची माणसे "म्हातारपणी बुद्धी फिरली" म्हणून लाजेने गप्प बसतात. अशा वेळी शीलाचा न्यायनिवाडा करीत बसण्यापेक्षा डॉक्टरांस सारे स्पष्ट सांगावे. औषध बदलले वा मात्रा उतरविली की ती ओढ बहुधा ओसरते. मात्र गोळ्या आपल्या मनाने एकाएकी बंद करू नयेत. त्यात जिवास धोका संभवतो. रुग्ण स्वतः हे क्वचितच बोलून दाखवितो, म्हणून पत्नीने अथवा मुलाने सोबत जावे.