शिपायाचा कागद

सातारा जिल्ह्यात आणि कोकणात काही गावांमधून इंग्रजांनी बसवलेली एक पाटी अजून दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून किती जण गेले आणि त्यांपैकी किती कामी आले, एवढेच तिच्यावर कोरलेले असते. आकडा आहे, नावे नाहीत. बसऱ्याच्या स्मारकाची तीच तऱ्हा. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांच्या थडग्याचा पत्ता नाही अशा ४०,००० हून अधिक सैनिकांसाठी ते १९२९ मध्ये खुले झाले. गोऱ्या शिपायांची नावे दगडावर आली, हिंदी अधिकाऱ्यांचीही आली. साध्या हिंदी शिपायाच्या वाट्याला मात्र पलटणीच्या नावाखालची एक संख्या. त्याच मेसोपोटेमियातल्या कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या, म्हणजे तिथल्या संख्येत आपलीही घरे आहेत.

राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने २०२१ च्या अहवालात या भेदभावाची कबुली दिली. पण त्या अहवालातून निघणारी, आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. बसऱ्याच्या हिंदी मृतांची नावे दगडावर नसली तरी याद्यांमध्ये होती. म्हणून ती आज शोधता येतात. पूर्व आफ्रिका आणि इजिप्तच्या आघाड्यांवर मेलेल्या हमालांच्या व शिपायांच्या याद्या नीट ठेवल्याच गेल्या नाहीत. निदान १,१६,००० माणसे नावानिशी नोंदलेली नाहीत, असा आयोगाचा अंदाज आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावे आता कितीही पश्चात्ताप झाला तरी परत येणार नाहीत. दगडावरचा अन्याय शंभर वर्षांनीही दुरुस्त होतो, तो मागे कागद असेल तरच. म्हणून लष्करी दप्तरातले काय आधी जपायचे असा प्रश्न आला, तर सेनापतीच्या खलित्यांआधी शिपायाचा सेवापट जपावा, असे माझे म्हणणे आहे.

खलिता एकाहून अधिक ठिकाणी सापडतो. चरित्रात, सरकारी इतिहासात, शत्रूच्या दप्तरातसुद्धा. शिपायाचा कागद एकच असतो. भरतीच्या वेळी त्यावर नाव, बापाचे नाव, गाव, तालुका, जात, उंची, अंगावरची ओळखीची खूण, वारस हे सारे उतरवले जाई. ज्यांच्या घरी सनदा आहेत, कुलवृत्तांत छापलेले आहेत, त्यांना याचे महत्त्व चटकन जाणवणार नाही. पण कोरडवाहू तुकड्यावर जगणाऱ्या घरात पणजोबा माणूस म्हणून पहिल्यांदा कागदावर आला तो बहुधा अशा नोंदीतच. त्याच्या कपाळावरचा व्रण कुठे होता, हे घरातल्या कोणालाही ठाऊक नसते; कारकुनाने मात्र लिहून ठेवलेले असते. हा कागद ठेवला गेला तो इतिहासासाठी नव्हे, पेन्शनच्या हिशेबासाठी. गोची तिथेच आहे. पेन्शन घेणारे संपले की कचेरीच्या लेखी तो कागद मेला, आणि नातवंडांच्या लेखी नेमका तेव्हाच त्याचा उपयोग सुरू होतो. त्यात पलटणच मोडली, जशी १९१७ मध्ये उभारलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडली, तर तिच्या दप्तराला वाली कोण?

यावर पहिला आक्षेप जागेचा आणि पैशाचा. लाखो सेवापट कशाला, नमुन्यादाखल काही ठेवा, असे म्हणणारे आहेत. संशोधकाला नमुना पुरतो हे खरे. पण ज्याचा पणजोबा नमुन्यात आला नाही त्याला काय पुरणार? शिवाय काय लागेल आणि काय नाही हे कचेरीला आधी कळते, हा भ्रम आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे उघडली गेली, तेव्हा वर्षानुवर्षे ढुंकून न पाहिलेल्या मोडी वह्यांसाठी वाचणारे शोधावे लागले. आणि प्रतच नसली तर काय होते ते अमेरिकेने पाहिले. १२ जुलै १९७३ ला सेंट लुइसच्या दप्तरखान्याला आग लागून दीड कोटीहून अधिक सेवापट गेले, दुसरी प्रत कुठेच नव्हती. पुढे पगाराच्या पावत्यांवरून माणसांची सेवा सिद्ध करत बसावे लागले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सेवापटात आजार असतात, शिक्षा असतात, पळून गेल्याच्या नोंदी असतात. त्या उघड्या का कराव्यात? याला उत्तर मुदतीचे आहे, नाशाचे नाही. ब्रिटनने संरक्षण खात्याकडचे सुमारे ९७ लाख सेवापट राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवायला घेतले, तेव्हा जन्मापासून ११५ वर्षांचा दंडक साधारणपणे पाळायचे ठरवले. आपल्याकडेही असा नियम करता येईल. साम्राज्याच्या चाकरीचे कौतुक कशाला, असेही विचारले जाते. सेवापट म्हणजे पदक नव्हे. शिपाई कोणत्या वर्षी, कोणत्या तालुक्यातून भरती झाला हे दुष्काळाच्या सालांशी ताडून पाहिले, तर कौतुकाला फारशी जागा उरणार नाही.

संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धविषयक दप्तराचे धोरण जाहीर केले; त्याचा रोख मोहिमांच्या इतिहासावर आहे, घरांच्या नव्हे. घरांसाठी काय करता येते, याचे पंजाबचे उदाहरण जवळचे आहे. १९१९ च्या सुमारास गावोगावच्या शिपायांच्या वह्या तिथल्या सरकारने केल्या. सुमारे ३,२०,००० जणांच्या त्या नोंदी लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. २०२१ मध्ये त्यांतल्या तीन जिल्ह्यांच्या नोंदी पहिल्यांदा सर्वांना शोधता आल्या. मुंबई इलाख्यासाठी असे काही करायचे तर नुसत्या स्कॅनिंगने भागणार नाही. जुन्या यादीत बहुधा आडनाव नसते, फक्त स्वतःचे आणि बापाचे नाव. गावाचे नाव इंग्रज कारकुनाने ऐकले तसे लिहिलेले, आणि तालुक्यांच्या हद्दी मध्यंतरी बदललेल्या. सूची करणाऱ्याला इंग्रजीइतकीच खटाव, माण, खेड, संगमेश्वरच्या वाड्यावस्त्यांची माहिती लागेल, आणि ती अभिलेखागारात नव्हे, त्या गावांतच मिळेल.