पन्हळ पायथ्यापर्यंत

बाडमेरहून जैसलमेरकडे जाताना शिव गाव मागे पडलं, की महामार्ग मधूनमधून वाळूच्या भरावावर चढतो. तिथल्या रस्तेवाल्यांचा रोजचा वैरी म्हणजे वारा. मे-जूनमध्ये तो एका रात्रीत डांबर दिसेनासं करतो. मग वाऱ्याच्या बाजूला खींप आणि सणियाच्या काटक्यांचे चौकोन रोवायचे, वाळू जागीच धरून ठेवायची, तरीही आलेली फावड्याने लोटायची, यातच गँगचं वर्ष सरतं. पावसाचा विचार कुणी करत नाही. वर्षाकाठी अडीचशे-तीनशे मिलिमीटर पाऊस, तोही चार-दोन दिवसांत पडून मोकळा होणारा. त्याच्यासाठी झोप कोण मोडणार?

2005 च्या हिवाळ्यात अशाच एका तुकड्यावर नवा कनिष्ठ अभियंता आला. तिथल्या रीतीप्रमाणे सगळे त्याला ‘जेईएन साब’ म्हणू लागले. पोरगा कोट्याकडचा, बऱ्या पावसाच्या मुलखातला. त्यामुळे इतरांना सवयीने न दिसणारी गोष्ट त्याला लगेच दिसली. चार मीटर उंच भरावाच्या उतारावर वरपासून खालपर्यंत घळी पडल्या होत्या. कुठे बोटभर, कुठे वीतभर.

त्याचं कारण त्याला ठाऊक होतं. टेकडीची वाळू बारीक, गोल आणि एका मापाची. कणाला कण धरून ठेवेल अशी माती तिच्यात नसतेच. डांबर पाणी पीत नाही. रस्त्यावर पडलेला सगळा पाऊस साइडपट्टीवरून उतारावर येतो आणि वाटेतली वाळू घेऊन खाली जातो. दर पावसाळ्यात घळ थोडी वर सरकते आणि एक दिवस डांबराच्या काठाखाली पोचते.

त्याने मेहनतीने आराखडा केला. पूर्वेकडच्या 360 मीटर काठाला सिमेंटचा ठेंगणा कठडा, म्हणजे पाणी उतारावर सांडणारच नाही. ते कठड्याच्या कडेने वाहत जाईल आणि दर 30 मीटरवर दगडी पन्हळीतून खाली उतरेल. अशा 12 पन्हळी. प्रत्येक पन्हळीच्या पायथ्याशी मोठ्या दगडांचं पिचिंग, पाण्याचा जोर तिथे मोडावा म्हणून. उरलेल्या उतारावर नाडीतल्या, म्हणजे गावतळ्यातल्या, गाळाचा थर आणि त्यात सेवण गवताचं बी. आराखड्यात खोट काढायला जागा नव्हती. मंजुरीही मिळाली.

गँगमध्ये एक म्हातारा बेलदार होता. त्याचं घर जवळच्या ढाणीत, म्हणजे वाडीत, आणि घराण्याची एक जुनी खडीन. खडीन म्हणजे खडकाळ उतारावरून येणारं पावसाचं पाणी मातीच्या पाळीने अडवून, ते मुरल्यावर त्याच ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. जैसलमेरच्या पालीवालांनी काही शतकांपूर्वी रुजवलेली ही रीत. अभियंता त्याला काकोसा म्हणे.

काम वरून सुरू झालं. कठडा आधी झाला, कारण तो रस्त्यावरून दिसतो आणि भरभर मोजता येतो. मग पन्हळी खाली उतरू लागल्या. मार्च उजाडला, वर्षाचा निधी संपत आला आणि दगडाचे ट्रक येईनासे झाले. नऊ पन्हळी पायथ्याला टेकल्या होत्या. तीन जमिनीपासून दीड-दोन मीटर वरच थांबल्या.

एईएन साहेब, म्हणजे सहायक अभियंता, पाहणीला आले. मोजमाप पुस्तकात नोंदी झाल्या. “उरलेलं पुढच्या वर्षीच्या निधीत धरू. एवढ्याशा कामाने काय होतंय? इथे पाऊस पडतो कुठे?”

ते गेल्यावर म्हातारा म्हणाला, “साब, त्या तीन पन्हळींच्या डाव्या-उजव्या बाजूचा कठडा फोडून टाकू.”

“फोडायचा? काकोसा, त्याची नोंद झालीय. झालेलं काम मोडलं तर उद्या मला जबाब द्यावा लागेल.”

“मग पाण्याला जबाब कोण देणार?”

अभियंत्याला राग आला नाही, पण म्हणणं पटलंही नाही. बारापैकी नऊ पुरी म्हणजे तीन चतुर्थांश काम झालं. काहीच नसण्यापेक्षा एवढं बरं, असा त्याचा सरळ हिशेब होता.

2006 च्या ऑगस्टमध्ये बाडमेर जिल्ह्यावर आभाळ फाटलं. वर्षभराच्या सरासरीहून जास्त पाऊस मोजक्या दिवसांत कोसळला. शिवकडचं पाणी सखलात धावलं आणि कवास, मलवा ही गावं बुडाली. कवासच्या जमिनीखाली जिप्समचा थर. त्यामुळे आलेलं पाणी खाली मुरेना, आणि पाऊस थांबल्यावरही तिथे कित्येक महिने तळं राहिलं.

पाऊस ओसरताच अभियंता गँग घेऊन भरावावर पोचला. पुऱ्या झालेल्या नऊ पन्हळी जशाच्या तशा होत्या. कठडा नसलेल्या पलीकडच्या जुन्या तुकड्यावर घळी वाढल्या होत्या, वीतभराच्या हातभर झाल्या होत्या, पण रस्ता शाबूत होता आणि त्यावरून गाड्या सावकाश जात होत्या. अर्धवट तीन पन्हळींच्या जागी मात्र पन्हळच उरली नव्हती. तिथे माणूस उभा मावेल असे तीन खड्डे होते आणि अर्धा रस्ता त्यांत गेला होता. मदतीचं सामान नेणारे ट्रक अलीकडच्या बाजूलाच अडकून पडले होते.

अहवालाचा मसुदा वरूनच आला: कारण, अतिवृष्टी.

म्हाताऱ्याने तो ऐकून घेतला आणि पलीकडे हात केला. “साब, पाऊस तर त्या तुकड्यावरही पडला.”

त्या एका वाक्याने अभियंत्याला पुन्हा हिशेबाला बसवलं. रस्त्याच्या मधल्या रेषेपासून काठापर्यंत 5 मीटर. समजा 50 मिलिमीटर पाऊस झाला. कठडा नसेल, तर काठाच्या प्रत्येक मीटरवरून 250 लिटर पाणी खाली जातं. ते उतार ओरबाडतं, पण पसरलेलं असतं. कठडा बांधला, की 30 मीटरचं सगळं पाणी एका तोंडाशी येतं: 7,500 लिटर. पन्हळ जमिनीपर्यंत असेल तर ते दगडावरून सुखाने उतरतं. मध्येच संपत असेल तर एवढं पाणी थेट मोकळ्या वाळूत पडतं. तिथे खड्डा होतो, खड्डा पन्हळीखालची वाळू ओढत वर सरकतो, आधार सुटलेले दगड निखळतात आणि वाट थेट डांबराखाली जाते. पाऊस दोन्हीकडे सारखाच होता. इथे तो माणसाने तीन ठिकाणी गोळा करून सोडून दिला होता.

संध्याकाळी म्हातारा त्याला आपल्या खडीनवर घेऊन गेला. पाळीआड पाणी भरलं होतं आणि जादाचं पाणी एका टोकाच्या नेष्ट्यावरून बाहेर पडत होतं. नेष्टा म्हणजे सांडवाच. पाळ मातीची, नेष्टा दगडाचा, आणि दगड पाळीपाशी थांबलेला नव्हता. पार खालच्या सपाट जमिनीपर्यंत, पाण्याचा वेग मरेपर्यंत तो अंथरलेला होता. तिथून पाणी शांतपणे खालच्या शेजाऱ्याच्या खडीनीत शिरत होतं.

“आमच्यात पाळीला हात लावण्याआधी नेष्ट्याची जागा ठरते,” म्हातारा म्हणाला. “दगड कमी पडला तर पाळ ठेंगणी ठेवायची, थोडं पाणी जाऊ द्यायचं. नेष्टा आखूड ठेवायचा नाही. पाळ घातली की पाणी आपलं झालं. मग ते शेजाऱ्याच्या बांधावर कसं पोचतं, तेही आपलंच.”

पुढच्या वर्षी दुरुस्तीचा निधी आला. या वेळी अभियंत्याने कामाचा क्रम उलटा लावला. आधी पायथ्याचं पिचिंग, मग पन्हळ खालून वर, आणि कठडा सर्वांत शेवटी. नोंदवहीत त्याने अटच लिहिली: ज्या पन्हळीचा पायथा झाला नाही, तिच्याकडे पाणी नेणारा कठडा बांधायचा नाही.

फेब्रुवारीत एईएन साहेब पुन्हा पाहणीला आले. रस्त्यावरून त्यांना काहीच दिसेना. खाली वाकून पाहिलं तेव्हा वाळूत अंथरलेले दगड तेवढे नजरेला पडले.

“अहो, चार महिन्यांत एवढंच? वर तर काही दिसतच नाही. आणि निधी आज थांबला तर?”

“तर थांबू दे, साहेब,” अभियंता म्हणाला. “आज थांबला तर रस्त्याचं काही बिघडणार नाही. गेल्या खेपेला थांबला, तेव्हा बिघडलं.”

तात्पर्य: विखुरलेली गोष्ट थोडं थोडं नुकसान करते, ती एकत्र आणून मध्येच सोडली, तर सगळं नुकसान एकाच जागी होतं. पाण्याचं जे, तेच गावाच्या वर्गणीचं, लोकांच्या रागाचं आणि त्यांच्या आशेचंही. गोळा करायला घेण्याआधी उतरवायची वाट शेवटपर्यंत बांधून घ्यावी. तेवढा दगड हाताशी नसेल, तर कठडाच बांधू नये.