गुण कोणाचा: द्रव्याचा की पर्यायाचा?

एखादा पदार्थ कठीण आहे, ठिसूळ आहे, असे म्हणताना तो गुण नेमका कोणाच्या नावावर मांडायचा? मूळ द्रव्याच्या, की त्या द्रव्याला त्या वेळी लाभलेल्या रूपाच्या, म्हणजे पर्यायाच्या? मटेरियल सायन्सच्या पहिल्याच सत्रात हा प्रश्न उभा राहतो. जैन दर्शनाने तो दीड हजार वर्षांपूर्वी, अर्थात वेगळ्या हेतूने, विचारला होता. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात या दोन्ही परंपरांना जागा मिळाली आहे: शिरड शहापूरला मल्लिनाथांचे दिगंबर जैन मंदिर आहे, आणि औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरींची वेधशाळा होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली.

तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या पाचव्या अध्यायानुसार जे आहे ते एकाच वेळी उपजते, नाश पावते आणि टिकतेही. जैन आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसेत याला सोन्याचा दृष्टांत दिला. घट मोडून मुकुट घडवला की घट हवा असलेला हळहळतो, मुकुट हवा असलेला सुखावतो, आणि ज्याला फक्त सोने हवे त्याला सुखही नाही, दुःखही नाही. सराफाच्या तराजूपुरता हा दृष्टांत बिनतोड आहे. सोनाराच्या ऐरणीवर मात्र तो थोडा डळमळतो. पत्रा ठोकत गेले की सोने कडक होते आणि तडकण्याआधी तापवून पुन्हा मऊ करावे लागते. ठोकल्याने स्फटिककणांच्या रचनेतले डिस्लोकेशन नावाचे दोष वाढतात, एकमेकांत अडकतात आणि थरांचे सरकणे अवघड होते. तापवल्यावर गुंता सुटतो, नवे स्फटिककण तयार होतात. वजन तेच, अणू तेच. म्हणजे कडकपणा पर्यायाचा. घनता आणि पिवळा रंग मात्र हलले नाहीत, तेव्हा ते द्रव्याचे म्हणावेत असे वाटते.

लायगोचे आरसे हा समजही टिकू देत नाहीत. अमेरिकेतल्या लायगोत वापरलेला प्रत्येक मुख्य आरसा सुमारे ४० किलोचा, फ्यूज्ड सिलिकाचा असतो आणि जेमतेम ०.४ मिलिमीटर जाडीच्या, त्याच पदार्थाच्या तंतूंवर टांगलेला असतो. गारगोटीतला क्वार्ट्झ आणि हा सिलिका यांचे रासायनिक सूत्र एकच: एका सिलिकॉनमागे दोन ऑक्सिजन. फरक मांडणीचा. क्वार्ट्झमध्ये अणू ओळीने लागलेले, सिलिकात विस्कळीत. तेवढ्याने घनता घनसेंटिमीटरला २.६५ ग्रॅमवरून २.२० ग्रॅमवर येते आणि तापवल्यावर होणारे प्रसरण वीसपटीहून अधिक घटते. सोन्यात जी घनता द्रव्याची वाटली होती, ती इथे मांडणीबरोबर बदलली.

गुण पर्यायाचाच, ही बाजू सिद्धसेन दिवाकरांनी सन्मतितर्कात घेतली होती. वस्तूकडे पाहण्याच्या मूळ दृष्टी दोनच, द्रव्यार्थिक आणि पर्यायार्थिक. गुणासाठी तिसरी दृष्टी सांगितलेली नाही, कारण गुण पर्यायाहून वेगळा नाही. सगळ्या जैन आचार्यांनी हे मानले असे नाही. मटेरियल सायन्सचा कौल बऱ्याच अंशी सिद्धसेनांकडे झुकतो.

रूप बदलते कसे, याचेही उत्तर तत्त्वार्थसूत्रात आहे. परमाणू स्निग्धता आणि रूक्षता यांमुळे जोडले जातात, आणि दिगंबर परंपरेनुसार दोघांच्या गुणांशांत, म्हणजे या गुणांच्या मात्रेत, दोनचे अंतर असेल तरच बंध होतो. पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी टीकेत स्निग्धतेची चढती पायरी पाणी, शेळीचे दूध, गाईचे, म्हशीचे, सांडणीचे आणि तूप अशी लावली आहे. रूक्षतेसाठी धूळ आणि खडे आहेत. स्निग्ध-रूक्षाच्या या जोडीत धन-ऋण विद्युत्भार शोधणारे लेख पुष्कळ निघतात. ते शोधणे व्यर्थ आहे. सूत्रकारांना प्रयोगातले मोजमाप नको होते, चेतनेशिवायही जग घडू शकते एवढे दाखवायचे असावे.

अधिक गुणांशाचा परमाणू कमी गुणांशाच्या परमाणूला आपल्यासारखे करतो, हा पुढचा नियम. त्यासाठी पूज्यपाद ओल्या गुळाकडे बोट दाखवतात: त्यावर पडलेली धूळही गोड होते. पोलादात याच्या उलट घडते. बहुतेक पोलादांत शंभर भाग लोखंडामागे एक भागही कार्बन नसतो, तरी लालबुंद करून पाण्यात बुडवल्यावर सगळ्या लोखंडाची चाल तो बदलतो. सूत्रातले आधिक्य वजनाचे नसून गुणांशाचे आहे, म्हणून यामुळे नियम खोटा ठरत नाही. गुळाचा दृष्टांत मात्र पोलादाला लागू पडत नाही.